सिद्ध करा, मग विका

इंधनाच्या नळीला चुंबक लावला की पेट्रोल वाचते, हा दावा खोटा आहे. त्याला ‘वादग्रस्त’ म्हणण्याचे किंवा ‘काहींना फरक पडतो म्हणे’ असे सांगून विषय सोडून देण्याचे कारण आता उरलेले नाही. तरीही अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात हे चुंबक राजरोस विकले जातात. त्यांच्या जोडीला हवा घुसळणारे पंखे, टाकीत टाकायच्या गोळ्या आणि डॅशबोर्डखाली खोचायच्या लुकलुकत्या डब्याही असतात. खोक्यावर वीस टक्के, तीस टक्के बचतीचे आकडे ठळक छापलेले असतात.

गिऱ्हाईक मिळते, कारण गरज खरी आहे. मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. पुढे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अंदाज होता, की शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाशी जुळवून घेतलेल्या गाड्यांचे अ‍ॅव्हरेज या मिश्रणाने घटेल. चारचाकींचे ६ ते ७ टक्के, दुचाकींचे ३ ते ४ टक्के. गाडी पूर्वीइतकी देत नाही, ही तक्रार म्हणूनच मनाचा खेळ नाही. पण आजार खरा असला म्हणून विकले जाणारे प्रत्येक औषध खरे ठरत नाही.

विक्रेते सांगतात, पेट्रोलचे रेणू एकमेकांना चिकटून असतात, चुंबक ते सुटे करतो आणि मग इंधन पूर्ण जळते. पेट्रोल आणि डिझेल ही हायड्रोकार्बनची मिश्रणे आहेत. त्यांच्यावर चुंबकाचा परिणाम इतका नगण्य असतो, की रेणूंच्या नेहमीच्या उष्णताजन्य धडपडीपुढे तो कुठेच उरत नाही. शिवाय नळीतला चुंबकाचा पट्टा ओलांडला की तोही संपतो. इंधनाचे बारीक तुषार करण्याचे काम तर पुढे इंजेक्टर करतोच.

हे शास्त्र बाजूला ठेवले तरी साधा हिशेब पुरेसा आहे. सुस्थितीतल्या आजच्या इंजिनात सुमारे ९८ टक्के इंधन जळतेच. उरलेले सगळे जाळून दाखवले, तरी फायदा एक-दोन टक्क्यांचा; तीस टक्के कुठून येणार? खरी गळती दुसरीकडे आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण दोन तृतीयांश भाग सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि घर्षणात उष्णता होऊन निघून जातो. इंधनाच्या नळीवर बसवलेली कोणतीही वस्तू या गळतीला हातसुद्धा लावू शकत नाही. पाण्यापासून गाडीतच हायड्रोजन बनवणाऱ्या किटचीही तीच गत. त्या हायड्रोजनसाठी लागणारी वीज इंजिनच अल्टरनेटरमधून पुरवते आणि परत मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा नेहमी कमीच असते.

वाहन कंपन्यांना हे चुंबक माहीत नाहीत, अशातलाही भाग नाही. २०१७-१८ पासून आपल्याकडे कंपन्यांना आपल्या सर्व मोटारींच्या सरासरी इंधनवापराची कायदेशीर मर्यादा पाळावी लागते, आणि २०२२-२३ पासून ती आणखी कडक झाली. थोडे वजन घटवण्यासाठी, टायरचे घर्षण किंचित कमी करण्यासाठी या कंपन्या वर्षानुवर्षे खपतात. काही शे रुपयांच्या चुंबकाने पंचमांश इंधन वाचत असते, तर तो कारखान्यातूनच बसून आला असता.

परदेशात याची तपासणीही झालेली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७० च्या दशकापासून शंभरावर इंधनबचत साधने तपासली किंवा पारखली. अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारे एकही सापडले नाही. नळीवर चिमट्यासारखा बसणारा ‘सुपर फ्युएलमॅक्स’ नावाचा चुंबक तिथे २७ टक्के बचतीच्या जाहिरातीवर विकला जात होता. प्रयोगशाळेत त्याचा फायदा दिसला नाही आणि तिथल्या संघीय व्यापार आयोगाने विक्रेत्यांना न्यायालयात खेचले.

मग शपथेवर ‘मला फरक पडला’ सांगणारे लोक खोटे बोलतात का? नाही, त्यातले बहुतेक प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच त्यांचा अनुभव तपासून घ्यायला हवा. माणूस असे साधन घेतो ते गाडीचे अ‍ॅव्हरेज सर्वांत वाईट असताना. त्याच सुमारास तो सर्व्हिसिंग करतो, एअर फिल्टर बदलतो, टायरमध्ये हवा भरतो. साधन बसवल्यावर त्याचे लक्ष काट्याकडे जाते, पाय हलका पडतो, वेग आटोक्यात राहतो. टाकी ‘फुल’ म्हणजे नक्की कुठपर्यंत, हे दर खेपेला थोडे बदलते. ऋतू बदलतो, रस्ता बदलतो, पाठीमागचे ओझे बदलते. या सगळ्यांची बेरीज पाच-दहा टक्क्यांपर्यंत सहज जाते आणि तिचे श्रेय चुंबकाला मिळते. खरी परीक्षा घ्यायची तर तीच गाडी, तोच रस्ता, तेवढेच वजन ठेवून साधन आळीपाळीने लावायचे आणि काढायचे, आणि ते लावले आहे की नाही हे चालवणाऱ्याला कळू द्यायचे नाही. अशा परीक्षेचा निकाल एकाही खोक्यावर छापलेला नसतो. छापलेले असतात ते समाधानी ग्राहकांचे अभिप्राय.

फसवणुकीची रक्कम लहान असते आणि त्यातच या धंद्याची ताकद आहे. आठशे रुपयांसाठी ग्राहक आयोगाची पायरी कोण चढणार? पण हे आठशे रुपये जातात ते रिक्षावाल्याचे, टेम्पोवाल्याचे, दिवसभर पार्सल पोहोचवणाऱ्या पोराचे. ज्यांची कमाईच किलोमीटरवर मोजली जाते त्यांचे. त्यातल्या काही साधनांसाठी नळी कापावी लागते, वायरिंगला हात लावावा लागतो. त्यातून वॉरंटी जाण्याचा आणि आग लागण्याचा धोका वेगळाच. आणि जे उपाय खरोखर लागू पडतात ते मागे पडतात. ताशी ८० ऐवजी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवल्यास ४० टक्क्यांपर्यंत जास्त अ‍ॅव्हरेज मिळू शकते, असे केंद्र सरकारची पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षे सांगते आहे. टायरमधली हवा योग्य ठेवणे आणि सिग्नलला इंजिन बंद करणे यांना तर जवळजवळ खर्चच नाही.

कायदा आपल्याकडे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला आहे. जाहिरातीतला मोजता येण्याजोगा दावा सिद्ध करता आला पाहिजे, असे २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. चाचणीची सोयही आहे. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहनांची चाचणी आणि संशोधन करणारी संस्था काम करते आहे. आपल्या गाड्यांचे अधिकृत अ‍ॅव्हरेज तिथल्यासारख्या प्रयोगशाळांत, रोलरवर ठरावीक पद्धतीने गाडी चालवून आणि धुरातला कार्बन मोजून ठरते.

तेव्हा प्राधिकरणाने तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून या जाहिराती तपासाव्यात. ज्या खोक्यावर बचतीची टक्केवारी आहे, त्यावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या चाचणी अहवालाचा क्रमांकही सक्तीचा करावा. अहवाल नसेल तर दुकानाने आणि ऑनलाइन बाजाराने तो माल ठेवू नये. ठेवला तर विक्रेत्याबरोबर बाजाराचीही जबाबदारी धरावी. फसलेल्या ग्राहकानेही गप्प बसू नये. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला खर्च येत नाही. आज चुंबक चालत नाही हे सिद्ध करण्याचा भार खरेदी करणाऱ्यावर पडला आहे. तो विकणाऱ्यावर गेला पाहिजे, आणि पहिला नग विकण्याआधी गेला पाहिजे.