आधी वायर लावा, मग दोष द्या

नव्या कॉम्प्युटरवर नेट मधूनमधून जायला लागलं की दोन निकाल तयारच असतात. दुकानदार म्हणतो, लाइन खराब आहे. नेटवाला म्हणतो, मोबाइलवर तर चालतंय, तुमच्या मशीनमध्येच गडबड आहे. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात काय किंवा जळगावात काय, गिऱ्हाइकाच्या वाट्याला हेलपाटेच येतात. दोघं खोटं बोलत असतीलच असं नाही, पण तपासलेलं दोघांनीही नसतं. हा वाद एका संध्याकाळी मिटू शकतो, आणि तो मिटवून देणं हे कनेक्शनचे पैसे घेणाऱ्याचं काम आहे.

दोष शोधायचा तर वाटेचे तुकडे पाडावे लागतात. बुऱ्हाणपूरकरांना हे नव्याने सांगायला नको. 1615 च्या सुमारास, अब्दुर रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. त्याच्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून आत हवा जाते आणि माणूसही उतरू शकतो, त्यामुळे पाणी कुठे अडलं हे बघायला सगळा बोगदा उकरावा लागत नाही. घरातल्या नेटलाही अशा जागा आहेत. राऊटरवरचा एलओएसचा दिवा लाल झाला, तर बाहेरून येणारा फायबरचा सिग्नलच तुटला आहे. दिवा ठीक असेल, तर कॉम्प्युटर लॅन केबलने थेट राऊटरला जोडावा. केबलवर नेट अखंड चाललं आणि वायफायवर तुटलं, तर लाइन निर्दोष ठरली. दोष घरातल्या वायफायचा किंवा कॉम्प्युटरच्या वायफाय कार्डाचा. केबलवरही तुटलं आणि त्याच क्षणी घरातल्या इतरांचंही गेलं, तर लाइन किंवा राऊटर बघायचा.

‘मोबाइलवर चालतंय’ हा पुरावा मात्र कच्चा आहे. वायफाय ढेपाळलं की बरेच फोन गुपचूप सिमकार्डाच्या डेटावर जातात. व्हिडिओ तर पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे काही सेकंदांचा खंड दिसतच नाही. तोच खंड व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तोडतो. दोष वायफायचा निघाला तरी कॉम्प्युटर बदलायची घाई नको. 2.4 गीगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी पोचते, पण तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: 1, 6 आणि 11. घराला घर लागून असलेल्या गल्लीत तेवढ्यातच सगळ्यांचे राऊटर बोलतात. 5 गीगाहर्ट्झवर जागा जास्त आणि वेगही जास्त, पण जाड भिंत त्या लहरीला लवकर अडवते. बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरांत वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड बंद करण्याची मुभा दिलेली असते. ती काढून आणि ड्रायव्हर अद्ययावत करून बघणं फुकटात होतं.

यावर कुणी म्हणेल, पैसे भरणाऱ्याने मेकॅनिक का व्हावं? होऊच नये. पण तपासणी कशी होते हे माहीत असलं की टोलवाटोलवी ओळखता येते. दुसरा आक्षेप असा की नव्या पातळ लॅपटॉपला लॅनचं तोंडच नसतं. खरं आहे, पण त्यासाठीचा यूएसबी अ‍ॅडॉप्टर काहीशे रुपयांत मिळतो, आणि तो नेटवाल्याच्या पिशवीत असायला काय हरकत आहे? कंपन्या म्हणतील, घरातलं वायफाय आमच्या हातात नाही. तेही मान्य. मग लाइन चोख आहे हे केबल लावून दाखवणं त्यांच्याच फायद्याचं आहे.

दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. 2012 च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद, अशी दोन पायऱ्यांची वाट आहे. पण ‘नेट नीट चालत नाही’ एवढ्यावर तिथे काय ठरणार? म्हणून केबलवर आणि वायफायवर काय आढळलं, हे तारीख-वेळेसह लिहून गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय कोणतीही तक्रार बंद होऊ नये, असा नियमच ट्रायने करावा. तोवर नेटवाला दारात आला की लॅन केबल पुढे करावी आणि त्याच्यासमोरच लावून घ्यावी.