एक खिडकी मुकादमाची

दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू तालुक्यांतून लाखो माणसे कोयता, भांडीकुंडी आणि कच्चीबच्ची वाहनांवर चढवून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात ऊसतोडणीला निघतात. त्यांच्यासाठी शासनाने काहीच केले नाही, असे आज म्हणता येणार नाही. शिधापत्रिका देशात कोठेही चालावी अशी व्यवस्था २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पर्यंत ती सर्व राज्यांत पोचली. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम आले. अंगणवाडी आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शिक्षणहक्काचा कायदा आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे आणि मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजनाही आहे.

तरीही फडाशेजारच्या कोप्यांत शाळेच्या वेळी मुले वाढे गोळा करताना दिसतात आणि गरोदर बाई सातव्या-आठव्या महिन्यातही मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. याविषयी विचारले की सरकारी कचेरीतून एक ठराविक उत्तर मिळते: ‘योजना पुष्कळ आहेत, लाभार्थीच पुढे येत नाहीत.’ या उत्तरातील असत्य उघड करणे अगत्याचे आहे. कारण अलीकडे आपल्या चळवळीतील काही सुशिक्षित मित्रही ते उत्तर उच्चारू लागले आहेत.

लाभार्थीने पुढे यायचे म्हणजे नेमके कोठे यायचे? धान्यासाठी पुरवठा खात्याकडे, मुलाच्या प्रवेशासाठी शिक्षण खात्याकडे, पोषण आहारासाठी महिला व बालविकास खात्याकडे, औषधासाठी आरोग्य खात्याकडे, महामंडळाच्या लाभासाठी सामाजिक न्याय विभागाकडे, अपघाताची तक्रार असेल तर कामगार खात्याकडे. आणि ज्या साखर कारखान्यासाठी तो राबतो, तो साखर आयुक्तांच्या म्हणजे सहकार खात्याच्या अखत्यारीत. ही सात दारे तालुक्याच्या गावी, आणि कोपी तेथून कित्येक मैल दूर. पहाटे फडात शिरून रात्री-अपरात्री गाडी भरणाऱ्या जोडप्याने यांतले एक दार ठोठावायचे म्हटले तरी त्या दिवसाचा खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड मुकादमाच्या वहीत चढतो. तेव्हा सेवा फुकट आहे हे म्हणणे अर्थशास्त्राच्या प्राथमिक कसोटीलाही उतरत नाही. जी सेवा मिळवण्यासाठी दिवसाची मजुरी आणि वर दंड मोजावा लागतो, ती गरिबाला न परवडणारी सेवा होय.

याच्या उलट मुकादमाकडे पाहा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा उचल तो देतो. वाहन तो ठरवतो. कोपी कोठे घालायची ते तो सांगतो. मूल तापाने फणफणले तर खाजगी डॉक्टरकडे तोच नेतो, किराणा दुकानात उधारी तोच लावून देतो. सात खात्यांना जमला नाही तो समन्वय एकटा मुकादम बिनबोभाट करतो. प्रशासनाच्या भाषेत ज्याला ‘एक खिडकी’ म्हणतात, ती ऊसतोड कामगाराला कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे. फक्त तिच्या आत बसलेला माणूस प्रत्येक सेवेची रक्कम उचलीत मिळवतो आणि हंगामाअखेर न फिटलेली बाकी पुढील वर्षाच्या श्रमावर बोजा म्हणून चढवतो. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांनी झगडून तोडणीच्या दरात ३४ टक्क्यांची वाढ पदरात पाडून घेतली, हे निःसंशय मोठे यश होय. परंतु जोवर औषधपाणी, किराणा आणि प्रवास मुकादमाच्या वहीतून होतो, तोवर वाढलेल्या दराचा मोठा वाटा त्याच वहीत मुरणार. मुकादमाला नुसत्या शिव्या दिल्याने तो जात नाही. तो जे काम करतो ते सार्वजनिक यंत्रणेने हाती घेतले, तरच त्याची सत्ता ढासळेल.

समन्वयाच्या अभावाची किंमत कोणत्या शरीरांनी मोजली, याचा एक आकडा राज्याच्या दप्तरी आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याचे २०१९ मध्ये विधिमंडळात सांगण्यात आले. यांतील प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण ऊसतोडणी होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण जी बाई सहा महिने एका जिल्ह्यात आणि सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात राहते, तिच्या दुखण्याचा सलग कागद कोणत्याही सरकारी दवाखान्यात नसतो; अंगावर काढलेले दुखणे गावी परतल्यावर खाजगी शस्त्रक्रियेच्या मेजावरच संपते, ही त्यातली यंत्रणेची बाजू आहे.

येथे कायद्याचेही सोंग ओळखले पाहिजे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ मध्ये झाला. आता तो श्रमसंहितेत विलीन झाला आहे. १९७९ च्या कायद्यात किमान पाच कामगारांची अट होती, ती संहितेत दहावर नेण्यात आली. पण या दोन्हींचा आधार राज्याची सीमा हाच. एकाच वाडीतले दोन भाऊ. एक बेळगाव जिल्ह्यात तोडणीला गेला तर तो आंतरराज्य स्थलांतरित, दुसरा शेजारच्या कोल्हापुरात गेला तर त्या कायद्याच्या लेखी तो कोणीच नाही. कोयता तोच, कोपी तीच, मुकादम कदाचित एकच. आणि जे खरोखर आंतरराज्य कामगार होते, त्यांचे तरी काय झाले? ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर विसावलेले मध्य प्रदेशचे १६ कामगार मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबत होते आणि टाळेबंदीत पायी गावाकडे निघाले होते. त्यांच्या अन्नाची आणि प्रवासाची जबाबदारी अमुक एका कचेरीची होती, असे बोट दाखवून सांगता येईल अशी कचेरीच नव्हती.

यावर उपाय म्हणून आणखी एक ‘समन्वय समिती’ नेमण्याची सूचना नेहमीप्रमाणे होईल. जिला पैसा नाही, अधिकार नाही आणि जाब विचारणारा कोणी नाही, अशी समिती म्हणजे चहापानाचा कार्यक्रम. समन्वय हा मुळात तीन प्रश्नांचा निकाल आहे: नोंद कोणी ठेवायची, पैसा कोणाच्या हाती जायचा आणि चुकल्यास जबाबदार कोण. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर माणूस जेथे राबायला येतो त्या ठिकाणी दिले पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्येच स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावर टाकले आहे. हेच तत्त्व धान्य, आरोग्य आणि निवारा यांना लावायचे आहे. केरळाने परराज्यांतील कामगारांसाठी २०१७ मध्ये ‘आवाज’ ही आरोग्य विमा योजना सुरू केली आणि कंजिकोडला त्यांच्यासाठी वसतिगृह बांधले. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे; पण येणाऱ्याची जबाबदारी बोलावणाऱ्याची, एवढे तरी तेथे मान्य झाले.

‘ही माणसे फिरती, त्यांची मोजदाद कशी करणार?’ हा आक्षेप तर हास्यास्पद आहे. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचे वजन होते, कोणत्या टोळीने किती टन ऊस आणला याची बिनचूक नोंद होते. ऊस मोजता येतो आणि तो तोडणारा मोजता येत नाही, हे कोण मानील?

पैशाचेही रडगाणे नको. महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि तितकीच भर शासनाने घालावी असे ठरले आहे. दहा कोटी टन गाळपाचा हंगाम धरला तर दोन्ही मिळून २०० कोटी रुपये होतात. तोडणीदार दहा लाख धरले तर माणशी २,००० रुपये पडतात. ही रक्कम अपुरी आहे, पण नगण्य खचितच नाही. तिचा ठरावीक हिस्सा कामगाराच्या मागोमाग कारखान्याच्या कार्यक्षेत्रात गेला, तर तेथे हंगामी पाळणाघर, फिरता दवाखाना आणि पूर्णवेळ समन्वय अधिकारी यांचा खर्च निघू लागेल.

याचा नमुना शोधायला परदेशात जाण्याचे कारण नाही. माथाडी कायदा १९६९ मध्ये याच राज्याने केला. हमालाला एक मालक नसतो, म्हणून त्याचे कल्याण अशक्य, असे तेव्हाही सांगितले जाई. कायद्याने मालक, कामगार आणि शासन यांचे त्रिपक्षीय मंडळ उभारले, मालकाला मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळात भरायला लावली, आणि भविष्यनिर्वाह निधीपासून औषधोपचारापर्यंतच्या सोयी त्या एकाच ठिकाणाहून दिल्या. ऊसतोडणीला हे तत्त्व लावायचे तर उचल मंडळाने द्यावी, मजुरी मंडळातून थेट नवरा आणि बायको यांच्या वेगवेगळ्या खात्यांवर जावी, आणि प्रत्येक कारखान्याच्या कार्यक्षेत्रात मंडळाची कचेरी असावी. साखरसम्राट याला विरोध करतील. ते स्वाभाविकच आहे. मुकादमामुळे मालकपणाची जबाबदारी त्यांच्या अंगाला लागत नाही, आणि हा तोडणीदार त्यांच्या मतदारसंघातला मतदारही नसतो.

म्हणूनच हे काम पक्षाचे आहे. आपल्या शाखा बीडमध्ये आहेत तशाच कोल्हापूर-सांगलीतही आहेत. निघणाऱ्या आणि पोचणाऱ्या अशा दोन्ही गावांत माणसे असणे हे आपले बळ आहे. बीडच्या कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी माणसे, मुले, गरोदर स्त्रिया आणि शिधापत्रिका यांची यादी करावी आणि ती पोचणाऱ्या गावच्या शाखेकडे पाठवावी. तेथील कार्यकर्त्यांनी ती यादी घेऊन ग्रामसभेत, शाळेत, रास्त भाव दुकानात आणि आरोग्य केंद्रात उभे राहावे, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागावा. असे शंभर लेखी नकार जमले की ‘लाभार्थी पुढे येत नाहीत’ हे वाक्य पुन्हा उच्चारण्याची कोणाची हिंमत होणार नाही. आणि मंडळाच्या मागणीसाठी मोर्चा काढावा लागेल तेव्हा आपल्या हाती घोषणांच्या जोडीला पुरावाही असेल. गाळपाचे भोंगे वाजण्यापूर्वी ही यादी तयार झाली पाहिजे.