संकटे, ताटी आणि बालनायक

संपादक यांस,

अद्भुतकथेतील बालनायकाला संकटेच घडवतात, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत आळे येथे ज्या रेड्याची समाधी दाखवली जाते त्याच्या कथेला लावून पाहिले, तर अपुरे ठरते. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली चार पोरकी भावंडे शुद्धिपत्रासाठी, म्हणजे समाजात परत घेतल्याच्या दाखल्यासाठी, पैठणला गेली आणि तिथे ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, अशी परंपरा आहे. पण त्याच परंपरेत अपमानाने उद्विग्न झालेले ज्ञानदेव ताटी, म्हणजे झोपडीचे कुडाचे दार, लावून आत बसतात आणि धाकटी मुक्ताबाई त्यांची समजूत काढते. संकटाने येथे दार बंदच केले होते, ते बहिणीच्या बोलण्याने उघडले. आणि चारित्र्यघडणीच्या दृष्टीने हा प्रसंग (चमत्कारांच्या गर्दीत तो मागे पडतो, हे दुर्दैव) वेदपठणाहून मोलाचा आहे. हॅरी पॉटरचेही तसेच आहे: जिन्याखालच्या कोंदट खणाने त्याला फार तर सोशिक केले असेल, धीट केले ते रॉन आणि हर्मायनीच्या सोबतीने. ज्ञानदेवांना तर थोरले बंधू निवृत्तिनाथ हेच गुरू लाभले होते, आणि १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत त्यांचे ऋण जागोजागी मान्य केलेले आहे.

एक वाचक, आळे (ता. जुन्नर)