पाहुण्यांना बिबट्या दाखवायचा?

सुट्ट्या लागल्या की आमच्या खोडद-नारायणगाव भागात पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. पूर्वी शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आणि खोडदच्या त्या 45 मीटर व्यासाच्या प्रचंड दुर्बिणी एवढं दाखवलं की पाहुणे खूश असत. आता मात्र चहाचा कप खाली ठेवायच्या आतच प्रश्न येतो, "बिबट्या कुठं दिसेल हो?" आणि जेवणं आटोपली की, "चला, गाडीतून उसाच्या कडेनं एक चक्कर मारू या!"

अशा चकरेला मी साफ नाही म्हणते. पाहुण्यांचा थोडा रुसवा पत्करावा लागतो, पण चालेल!

हौशीचं मूळ बहुतेक टी.व्ही.त असतं. दक्षिण अमेरिकेतल्या पांतानालच्या अफाट पाणथळीत लोक नावेत बसून जग्वार बघतात. जग्वार म्हणजे आपल्या बिबट्याचा थोराड भाऊबंदच. कोरड्या दिवसांत नदी आटली की तो सुसरीसारख्या केमनच्या शिकारीसाठी काठावर येतो आणि उजेडी नजरेस पडतो. पण माणसं पाण्यात, नावेत. जनावर काठावर, रानात. त्या काठावर शाळेतून परतणारी पोर नाही.

आपल्याकडे तसं नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी धरणं झाली, पाणी आलं, ऊस उभा राहिला. त्या उंच, दाट उसात बिबट्याला आडोसा मिळाला आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं आयती मिळाली. मादी तिथंच वीते. तिच्या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं. म्हणजे तुम्ही "जंगलातलं जनावर" बघायला जाता, ते कुणाच्या तरी परसात!

"मग धरून लांब सोडत का नाहीत?" हा पाहुण्यांचा दुसरा प्रश्न. तेही करून झालं. जुन्नर भागात 2001 ते 2003 या काळात माणसांवरचे हल्ले फार वाढले. विद्या अत्रेय या संशोधक बाईंनी त्याचा अभ्यास केला. धरलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्यानं हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात, असं त्यांना आढळलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बावरतं, आणि आपल्या ठिकाणी परतायलाही बघतं. 2009 साली त्यांनी 'आजोबा' नावाच्या एका बिबट्याला गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, तर तो चालत चालत थेट मुंबईच्या बोरिवलीच्या उद्यानापर्यंत पोचला! त्यावर 2014 मध्ये सिनेमाही निघाला. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण तिथली जखमी जनावरं काही करमणुकीसाठी ठेवलेली नाहीत.

रात्री गाड्यांचे दिवे अंगावर आले की बिथरलेलं जनावर पळतं कुठं? शेजारच्या वस्तीकडेच. तुमची गाडी पुण्याला परतते. पहाटे धार काढायला मात्र इथल्याच बाईला उठायचं असतं. सांगा बरं, एवढ्या मोलाची ती चक्कर आहे का?

पण हौस मारायची नाही हं, वळवायची! भीमाशंकरचं अभयारण्य 1985 पासूनचं. तिथं शेकरू बघा. तांबूस-तपकिरी पाठ, झुबकेदार शेपूट, उंच झाडांवर एकाहून अधिक घरटी. आपला राज्यप्राणी तो! पावसाळ्यात धुकं फार, म्हणून दिवाळीनंतर जा आणि पहाटे निघा. थंडीच्या अखेरीस भिगवणला जा. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण 100 किलोमीटर. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, आणि तिथले मच्छीमारच नावेतून दाखवतात. आपली पांतानाल म्हणा ना! चार पैसे त्यांच्या घरात जातात, हेही बरंच.

निघताना एवढं सांभाळा. मुलांना मातकट, हिरवट कपडे घाला. लाल-पांढरे घरीच ठेवा. अत्तर नको. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे स्टीलच्या डब्यात न्या म्हणजे कचरा होत नाही. माकडांना खाऊ घालू नका. नावाड्याला "आणखी जवळ घ्या" म्हणू नका, थवा उडाला की त्यांचं खाणं मोडतं. एखादी दुर्बीण दोन घरांत मिळून घ्या, वर्षानुवर्षं पुरते.

आणि बिबट्याच्या मुलखात मुक्कामाला आलात तर अंधार पडल्यावर मुलांना एकटं अंगणात सोडू नका. बाहेर जाताना बॅटरी घ्या, बोलत चला. उघड्यावर वाकून, बसून राहू नका. बसलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटू शकतं. उष्टं-खरकटं, मटणाची हाडं परसात टाकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं तो. उसात पिल्लू दिसलं तर कितीही गोजिरवाणं वाटो, उचलू नका, फोटोसाठीही नाही. त्याची आई जवळपासच असते. वन खात्याला 1926 वर कळवा. त्यांची माणसं पिल्लू त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन त्याला घेऊन जाते.

पिल्लासाठी जीव टाकणाऱ्या आईला वाट मोकळी ठेवायची, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको, नाही का?