राजा मासा आणि तेलकट मासा

मिशिगन सरोवरावर वाटाड्या कप्तानाच्या नावेतून मासे धरायला जायचे ठरवले की कप्तान आधीच विचारून घेतो: कोणता मासा हवा? हा प्रश्न खाणावळीतल्या वाढप्याने विचारल्यासारखा वाटतो, आणि बहुतेक गिऱ्हाइके त्याच वृत्तीने उत्तर देऊन मोकळी होतात. आमच्या मते हा प्रश्न केवळ रुचीचा नाही. त्यात एक मूल्यनिर्णय दडलेला आहे, आणि तो शब्दांच्या आडून होत असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहायला हरकत नसावी.

कोहो, स्टीलहेड, ब्राउन ट्राउट हेही तिथे गळाला लागतात, पण खरी निवड दोघांतली. एक चिनूक सामन. त्याला सगळे ‘किंग’ म्हणतात. दुसरा लेक ट्राउट. त्याला बंदरांवर हेटाळणीने ‘ग्रीसर’, म्हणजे तेलकट, म्हटले जाते. एकाच फेरीत दोन्ही नीट साधत नाहीत. किंग पहाटे आणि तिन्हीसांजेला मधल्या पाण्यात भक्ष्याच्या थव्यांमागे असतो, त्याच्यासाठी नाव जरा वेगात ठेवावी लागते. लेक ट्राउट उन्हाळ्यात गार पाण्यासाठी खोल उतरतो. त्याच्यासाठी जड गोळ्याच्या आधाराने आमिष तळालगत सोडायचे आणि नाव संथ हाकायची. किंग गळाला लागला की दोर सणसणत पळवतो, लेक ट्राउट निमूटपणे जड होऊन वर येतो. सहलीला आलेला माणूस कशावर खूश होईल हे सांगायला नको.

आता ही नावे पाहा. ज्याला राजा म्हणतात तो या सरोवरात १९६७ साली माणसांनी आणून सोडला. त्याचे मूळ घर पॅसिफिक महासागर. ज्याला तेलकट म्हणून नाक मुरडतात तो हिमयुगानंतर ही सरोवरे घडली तेव्हापासूनचा रहिवासी. ओजिब्वे लोकांच्या भाषेत त्याला स्वतःचे नाव आहे, नमेगोस, आणि त्या नावात तुच्छतेचा लवलेश नाही. उपऱ्याला राजपद आणि मूळच्याला शिवी, हा उलटा न्याय कसा रूढ झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

नायगारा धबधबा ही वरच्या सरोवरांची नैसर्गिक वेस होती. जहाजांसाठी वेलंड कालवा काढला आणि वेशीला भगदाड पडले. जळूसारखा चिकटून माशांचे रक्त पिणारा, सापासारखा लांबट सागरी लॅम्प्रे १९३६ मध्ये मिशिगन सरोवरात आढळला. त्याने आणि बेसुमार जाळ्यांनी मिळून लेक ट्राउटचा फडशा पाडला; १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो या सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला. वरचा शिकारी गेल्यावर एलवाइफचे फावले. हा हेरिंगच्या कुळातला वीतभर चंदेरी मासा १९४९ मध्ये इथे पोहोचला होता. तो इतका माजला की १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग शिकागोपर्यंतच्या किनाऱ्यांवर कुजत पडले. दरम्यान १९५८ पासून लॅम्प्रेच्या अळ्या मारणारे रसायन वापरात आले होते. मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांच्या बेताप्रमाणे १९६६ मध्ये कोहो आणि पुढच्या वर्षी चिनूक सोडले गेले. एलवाइफ खायला एक भुकेला मासा हवा होता, आणि लोकांना गळ टाकायला एक झुंजार मासा. दोन्ही हेतू साधले. ओस पडत चाललेल्या बंदरांवर नावांची गर्दी झाली. हे यश आम्ही कमी लेखत नाही.

पण त्याच बेतातून एक अडचण निघाली. किंगचे पोट मुख्यतः एलवाइफवर भरते. किंग हवा तर एलवाइफ राखायला हवा. आणि एलवाइफच्या अंगात थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, नष्ट करणारे विकर असते. लेक ट्राउटच्या मादीने एलवाइफच खाल्ले की तिच्या अंड्यांत थायमिन कमी पडते आणि पिल्ले जगत नाहीत. मत्स्यबीज केंद्रातून लेक ट्राउट दशकानुदशके सोडले गेले, तरी त्यांची संतती सरोवरात टिकत नव्हती, त्याचे हे एक मोठे कारण. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला. किंगही गेला, त्याच्यावर जगणाऱ्या बंदरांचा धंदा बसला. आणि लेक ट्राउट आपण होऊन वाढू लागला. तेव्हा ‘किंग की लेक ट्राउट’ हे ताटातले दोन पदार्थ नव्हेत. एकाला हवे असलेले सरोवर दुसऱ्याला नको आहे.

गिऱ्हाइकाच्या एका दिवसाच्या पसंतीने काय होते, असे कोणी म्हणेल. होते. अमेरिकेत मत्स्यविभागांचा खर्च बराचसा गळाच्या परवान्यांवर आणि गळ-काठ्यांवरील करावर चालतो. हा कर १९५० च्या कायद्याने त्याच कामासाठी बांधून दिला आहे. जे मागितले जाते ते पोसले जाते. अभ्यासक्रमात कोणती पुस्तके लागतात आणि मग कोणती पुन्हा छापली जातात, याचा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना यात नवल वाटू नये.

साहित्याने या बाबतीत आपल्याला जरा फसवले आहे. ‘मोबी डिक’मधला एहॅब एकाच देवमाशाचा ध्यास घेतो, तेव्हा स्टारबक त्याला सांगू पाहतो की आपण तेलाच्या धंद्यासाठी निघालो आहोत, सूडासाठी नव्हे. (देवमासा हा मासा नव्हे हे आम्हांस ठाऊक आहे; इश्माएलला ते मान्य नव्हते.) तो वाद एका शिकाऱ्याच्या मनातल्या आगीचाच होऊन बसतो. मिशिगनच्या उत्तरेत लहानपणीचे उन्हाळे काढलेल्या हेमिंग्वेने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’मध्ये निक एकटाच नदीत उतरतो, वाटाड्या नाही, परवाना नाही, मत्स्यबीज केंद्र नाही. मासा आणि माणूस यांच्यामध्ये कोणीच नसते, ही कल्पना आपण अशा वाचनातून उचलली. भाड्याच्या नावेवर मात्र या दोघांच्या मध्ये खाते, कर, रसायन आणि कालवा हे सगळे बसलेले असतात. त्यांच्यावर कोणी कथा लिहीत नाही, म्हणून ते दिसत नाहीत इतकेच.

हे आपल्यापासून दूरचे आहे असेही नाही. लोणावळ्याजवळच्या वळवण येथील केंद्रात वाढवलेले खुद्री महसीरचे बीज १९७० च्या दशकापासून देशभर गेले, कावेरीतही. साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णिलेला हा मासा. आपल्या नद्यांत त्याला वाचवायचे हा हेतू उत्तमच. पण कावेरीत तो उपरा होता. तिथला मूळचा पाठीवर उंचवटा असलेला महसीर त्याच्या गर्दीत मागे पडत गेला. गळवाले दोघांनाही महसीरच म्हणत, म्हणून एक जात जाऊन दुसरी आली हे फार काळ ध्यानातही आले नाही. त्या मूळ माशाचे शास्त्रीय नाव २०१८ मध्ये निश्चित झाले, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. मिशिगनमध्ये दोन माशांना निदान दोन नावे तरी आहेत.

आमचे मत सरळ आहे: लेक ट्राउट मागावा. त्याला अडचणी आहेत. तो दीर्घायुषी आणि चरबीदार असल्याने मोठ्या माशांत पीसीबीसारखी विषारी रसायने साठतात; खाण्याबाबतच्या सरकारी सूचना वाचून लहान मासे घ्यावेत. उन्हाळ्यात खोलातून ओढून ऊन पाण्यात परत सोडलेला मासा पुष्कळदा मरतो, तेव्हा ‘धरला आणि सोडला’ यात भूतदया असतेच असे नाही. ठरलेल्या मर्यादेत धरावा, खावा आणि थांबावे. नावेत लहान मूल असेल आणि त्याला पाण्यावर उसळणारा मासा पाहायचा असेल, तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. कप्तानालाही पोट आहे. परंतु कप्तानाला रोज किंगच मागणारे भेटले, तर तो तळाशी उतरण्याची कला कशाला राखील? सुपीरियर सरोवराच्या बहुतेक भागात लेक ट्राउट पुरता सावरल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले, आणि मिशिगन सरोवरातही त्याची रानात जन्मलेली पिल्ले आता दिसू लागली आहेत. कप्तानाने विचारले, तर त्याचे नाव घ्यावे, आणि ‘ग्रीसर’ म्हणून घेऊ नये.