मुलांना बोलायला एक बंद खोली द्या

पुण्यातल्या सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ आणि आसपासचे घरमालक, अभ्यासिकांचे चालक आणि गणेश मंडळांचे कार्यकर्ते यांस,

आपल्या पेठांत राज्यभरातून आलेली हजारो मुलं-मुली कॉट बेसिसवर राहतात. कुणी कॉलेजात, कुणी एमपीएससीच्या तयारीत. एका खोलीत चार-पाच कॉट, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर टाइमटेबल. मी समुपदेशक आहे. यातल्या काहींशी दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर बोलते. रात्र-रात्र झोप नाही, परीक्षेच्या नुसत्या विचारानं छाती धडधडते, महिनोन्‌महिने कशातच मन लागत नाही, अशा तक्रारी घेऊन ती येतात.

बोलता बोलता एखादी मुलगी मध्येच म्हणते, "हो आई, जेवले मी." खोलीत कुणीतरी आलंय, हे मला कळतं. मग पाच मिनिटं आम्ही मेसच्या भाजीबद्दल बोलतो. कुणी जिन्यात बसून बोलतं, कुणी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, कुणी उभ्या स्कूटरवर. तिथे रडू आलं तरी गिळावं लागतं.

ऑनलाइन उपचारानं या मुलांची मोठी सोय झाली आहे. दवाखान्याच्या दारात ओळखीचं कुणी भेटेल, ही धास्ती राहत नाही. दिवाळीला गावी गेलं तरी उपचार तुटत नाहीत. सौम्य आणि मध्यम स्वरूपाच्या चिंता-नैराश्यात त्याचा चांगला उपयोग होतो. पण हे काम बोलण्याचंच आहे. "प्रीलिम गेली म्हणजे मी वाया गेलो" हा विचार आधी तोंडानं उच्चारावा लागतो, मगच तो खरा किती आणि भीतीचा किती, हे दोघांना मिळून तपासता येतं. कुजबुजत हे होत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये बजावलं. ते व्हायलाच हवं. तोवर आणि त्यानंतरही, आपल्या हातात जे आहे ते आपण करू या.

मंडळाचं कार्यालय गणपतीचे दिवस सोडले तर दुपारी बहुधा बंदच असतं. अभ्यासिकेत चालकाची केबिन असते. वाड्यात एखादी खोली सामानाखाली पडून असते. रोज दोन तास अशी एखादी जागा या मुलांना द्या. आतून कडी लागणारं दार, खुर्ची, प्लग, जमल्यास वायफाय आणि पाण्याचा तांब्या. दाराबाहेर एक पंखा लावून ठेवा, म्हणजे आतलं बोलणं बाहेर सहज ऐकू येणार नाही. आत कॅमेरा असेल तर काढा. वहीत फक्त नाव आणि वेळ लिहून घ्या, कारण विचारू नका. मूल डोळे पुसत बाहेर आलं तरी "काय झालं?" म्हणून मागे लागू नका. उपचार करणाऱ्यांना गोपनीयतेचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं घातलं आहे. आपण ते आपणहून पाळू या.

फलकावर "फोनवर बोलण्यासाठी शांत जागा, विनामूल्य" एवढंच लिहा. "समुपदेशन" लिहिलंत तर लाजेनं कुणी येणार नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं, तर पुढच्या ऑनलाइन भेटीची वाट बघायची नाही. त्याला एकटं सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन लावा. ती मोफत आहे, चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. धोका लगेचचा वाटला तर सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. १४४१६ हा नंबर खोलीच्या दारावर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

ज्यांची तयारी असेल त्यांनी आपापल्या गल्लीतल्या अभ्यासिकेच्या आणि मेसच्या फलकावर जागा आणि वेळ याच आठवड्यात लावावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
पेठेतलीच एक समुपदेशक