तीनचा उपास

रेडिंगला ऑनसाइट आलात आणि शनिवारी दुपारी ३ ला पबमध्ये प्रीमियर लीग बघायला शिरलात, तर बॉस, स्क्रीनवर मॅच नसणारच! पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडात टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल बंद. १९६० च्या दशकात बर्नली क्लबच्या बॉब लॉर्ड यांनी धोशा लावला, की लोक टीव्हीसमोर बसले तर छोट्या क्लबांची मैदानं ओस पडतील. नियम अजून तसाच. मग पबमध्ये काय? 'सॉकर सॅटर्डे'. स्टुडिओतली मंडळी मॅच बघतात, आपण त्यांचे चेहरे! आणि तीच मॅच पुण्यातला माझा मित्र रात्री साडेआठला सोफ्यावर लाइव्ह बघतो, वर मला मेसेजवर गोल कळवतो. जळफळाट होतो हो.

बाकी वेळी पब निवडताना स्कायच्या स्क्रीनवर कोपऱ्यात बिअरच्या ग्लासाचं चिन्ह शोधा. ते असलं की पबने रीतसर कमर्शियल कनेक्शन घेतलंय, घरगुतीवर उरकलेलं नाही. जागा बारपासून लांबची पकडा, नाहीतर गोलच्या वेळी नेमकी कुणाची तरी पाठ आडवी येते.

गेल्या शनिवारी मी सरळ रेडिंगच्या स्टेडियमचं तिकीट काढलं. थंडीत कुडकुडलो, पण गोल मित्राच्या आधी मला कळला!